दक्षिण अमेरिकेत कोण कोणतं विमान घेतंय यापेक्षा परवाना कुणाच्या हातात आहे ते आधी बघा

तुमची पोस्ट वाचली. भोसरीचं युनिट, विमान जमिनीवर ओढायचे टो-बार, उचलायचे जॅक, हायड्रॉलिक आणि नायट्रोजन ट्रॉल्या बनवण्याचा चांगला अनुभव, एजंटमार्फत दक्षिण अमेरिकेतून आलेली चौकशी. प्रश्न असा की अर्जेंटिना, पेरू, कोलंबिया, ब्राझील यांपैकी आधी कुणाकडे जावं आणि कुणाच्या विमानाला बसतील अशी फिटिंग्ज बनवायला घ्यावीत. सोबत विमानांची किंमत, पल्ला आणि नग यांचा तक्ता जोडलाय. तक्ता मेहनतीने केलाय. पण त्याच्या खाली जाता जाता लिहिलंय, "परवान्याचं एजंट बघून घेईन म्हणतो." परवाना म्हणजे मालातला परदेशी भाग लष्करी ग्राहकाला पुढे विकायची त्या देशाची परवानगी. हे एवढं लांबलचक उत्तर त्या एका ओळीसाठी आहे. आम्ही नाशिकला हाच धंदा केला, आणि घोडं पेंड खातं ते नेमकं तिथेच.

निर्यातीची कागदपत्रं, एलसी (बँकेचं पैशांच्या हमीचं पत्र), पॅकिंग हे तुम्हाला ठाऊक असणार, त्यात शिरत नाही. आणि मी वकील नाही. जे लिहितोय ते अनुभवावरून आणि वाचनावरून. सही करण्याआधी जाणकाराला दाखवाच.

तुमच्या तक्त्यात एक रकाना कमी आहे: त्या विमानातला कोणता भाग कुणाच्या परवानगीशिवाय हलत नाही. तिथली गेल्या चाळीस वर्षांची सगळी खरेदी या रकान्यावरून कळते.

अर्जेंटिनाचंच घ्या. 1982 च्या फॉकलंड युद्धानंतर ब्रिटनने ठरवलं की अर्जेंटिनाची लष्करी ताकद वाढेल असं काही आपल्याकडून जाऊ द्यायचं नाही. आता जगातली कितीतरी लढाऊ विमानं अशी आहेत की बाकी सगळं दुसऱ्या देशाचं, पण वैमानिकाची इजेक्शन सीट (संकटात त्याला विमानाबाहेर फेकणारी) ब्रिटिश मार्टिन-बेकर कंपनीची. 2014 मध्ये ब्राझीलमार्फत स्वीडनचं ग्रिपेन लढाऊ विमान घ्यायची भाषा झाली, ब्रिटनने अडवलं. ग्रिपेनच्या नव्या आवृत्तीचा रडार ब्रिटनमधल्या एडिंबरात बनतो, सीटही ब्रिटिश. 2015 मध्ये जुनी फ्रेंच मिराज विमानं निवृत्त झाली आणि एवढ्या मोठ्या देशाकडे ध्वनीपेक्षा वेगाने उडणारं एकही लढाऊ विमान उरलं नाही. मग दक्षिण कोरियाच्या एफए-50 या हलक्या लढाऊ विमानाकडे वळले. ऑक्टोबर 2020 मध्ये कोरियन कंपनीने लेखी कळवलं की विमानातले 6 भाग ब्रिटिश आहेत, आम्ही देऊ शकत नाही.

सगळ्यात वाईट गत सुपर एतांदार या फ्रेंच लढाऊ विमानांची. फ्रान्सकडून 5 जुनी विमानं विकत घेतली, 2019 मध्ये ती देशात पोचलीही. सीट बाहेर फेकणारी जी काडतुसं असतात त्यांचं आयुष्य ठरलेलं असतं. ती संपली की बदलावीच लागतात, आणि ती मिळायची ब्रिटनकडून. विमानं हँगरमध्ये उभी राहिली. पैसे गेले, जागा अडली, उड्डाण नाही.

म्हणून आपल्याकडे जेव्हा अनेकांनी "अर्जेंटिनाने तेजस का नाही घेतलं" म्हणून हळहळ व्यक्त केली, तेव्हा मला वाईट वाटलं पण आश्चर्य वाटलं नाही. तेजसमध्येही मार्टिन-बेकरचीच सीट आहे. चिनी-पाकिस्तानी जेएफ-17 या लढाऊ विमानामध्येही. शेवटी एप्रिल 2024 मध्ये डेन्मार्ककडून 24 जुन्या एफ-16 चा करार झाला आणि डिसेंबर 2025 मध्ये पहिली 6 तिथे उतरली. लोक म्हणतात चाळीस वर्षांपूर्वीचा सांगाडा घेतला. माझ्या मते त्यांच्यापुढचा तो सर्वांत समंजस पर्याय होता. एफ-16 ची सीट अमेरिकन आहे आणि अमेरिकेने हो म्हटलं होतं. अडचणी अजून आहेत. एफ-16 हवेत इंधन घेतं ते टँकर विमानाच्या शेपटीखालच्या कडक नळीतून, आणि अर्जेंटिनाच्या केसी-130 टँकरना असते ती लवचीक होज. म्हणजे स्वतःचे टँकर असून या विमानांना उपयोग नाही. पण विमान उडतंय, सुटे भाग येताहेत. याला किंमत आहे.

आता आमचं सांगतो, कारण तुम्ही त्याच वाटेवर आहात.

तिथल्या एका हवाई दलाकडून आम्हाला नायट्रोजन ट्रॉल्यांची ऑर्डर मिळाली होती. टायर आणि लँडिंग गिअरच्या पायात नायट्रोजन भरायची साधी ट्रॉली. चासी आमची, पाइपिंग आमचं, सिलिंडर भारतीय. फक्त हाय प्रेशर रेग्युलेटर बाहेरच्या देशाचा, कारण ग्राहकाने तोच मागितला होता. मुठीत मावेल एवढा पितळी रेग्युलेटर, त्यावर नखाएवढी नेमप्लेट. तो भाग लष्करी ग्राहकाला पुढे विकायचा तर त्या नेमप्लेटवरच्या देशाची परवानगी लागते, हे करारात लिहिलेलं होतं आणि आम्ही अर्ज वेळेवर केला होता.

ज्या कार्यालयाकडे अर्ज गेला त्याचं नाव घेत नाही. त्यांनी आधी एंड यूज सर्टिफिकेट (माल कोण, कशासाठी वापरणार याचं लेखी पत्र) मागितलं. ते तिथल्या हवाई दलाने दिलं. मग त्याचं प्रमाणित भाषांतर. मग ट्रॉली कोणत्या तळावर, कोणत्या विमानासाठी वापरणार. हे कळवलं तोवर सर्टिफिकेटवर सही करणारा अधिकारी बदलून गेला होता, म्हणून नवीन सही मागितली. नवीन सही आली तर भाषांतर जुन्या कागदाचं म्हणून पुन्हा भाषांतर. त्यानंतर प्रत्येक पत्राला एकच उत्तर: प्रकरण विचाराधीन आहे. फोनवर बोलणारी व्यक्ती दर वेळी वेगळी, आणि दर वेळी फाइल पहिल्यापासून समजावून सांगायची.

या काळात ट्रॉल्या तयार होऊन शेडमध्ये उभ्या होत्या. पिवळ्या रंगाच्या, बाजूला स्पॅनिशमध्ये सूचनांच्या पट्ट्या चिकटवलेल्या. त्या पट्ट्यांमुळे दुसऱ्या कुणाला विकताही येईनात.

आमच्या करारात कलम होतं की परवाना नाकारला गेला तर दोन्ही बाजू मोकळ्या, दंड नाही. पण त्या कार्यालयाने नाकारलंच नाही. हो नाही, नाही पण नाही. लेखी नकार मिळाला असता तर आम्ही तो कागद दाखवून सुटलो असतो. नुसत्या गप्प बसण्याचा करारात काही अर्थच नव्हता. मुदत टळली, उशिराचा दंड लागू झाला आणि ग्राहकाने बँक गॅरंटी वटवली. ग्राहकाला मी दोष देत नाही, त्यांचाही ऑडिट असतो. पण जे कार्यालय लहान कारखानदाराला एक ओळीचा नकार लिहून देऊ शकत नाही, ते त्याचं किती नुकसान करतं याचा तिथे कुणी विचार करत असेल असं मला वाटत नाही. याचा राग अजून गेलेला नाही आणि जायचं कारणही नाही. कोरियन कंपनीने अर्जेंटिनाला निदान पत्र तरी दिलं. त्या पत्रामुळे त्या देशाला दुसरीकडे बघता आलं.

तर तुमच्यासाठी पहिली गोष्ट: करारात लिहून घ्या की अर्ज केल्यापासून ठरावीक दिवसांत उत्तर आलं नाही तर तो नकारच समजला जाईल, आणि बँक गॅरंटीला ते कलम लागू राहील. ग्राहक कुरकुर करेल. करू द्या. एजंट म्हणेल याची गरज नाही. एजंटची गॅरंटी बँकेत नसते, तुमची असते.

दुसरी: कोटेशन देण्याआधी प्रत्येक बॉट-आउट (बाहेरून विकत आणलेल्या) भागाची नेमप्लेट वाचा. रेग्युलेटर, गेज, क्विक कपलिंग, होज, सील किटसुद्धा. तुमचा टो-बार आणि जॅक पूर्ण इथल्या मालाचे असतील तर तिथूनच सुरुवात करा. आपल्या बाजूला स्कोमेट यादीत (निर्यातीला सरकारी परवानगी लागणाऱ्या मालाची भारताची यादी) माल बसतो का हेही लेखी विचारून घ्या, तोंडी "होऊन जाईल" यावर विसंबू नका.

आता देशांबद्दल. ही माझी मतं आहेत, चुकीचीही ठरू शकतात.

पेरूकडे जाताना त्यांचा इतिहास वाचून जा. 1995 मध्ये सेनेपाच्या खोऱ्यात इक्वेडोरशी लढाई झाली, त्यात इक्वेडोरच्या मिराज एफ-1 नी पेरूची दोन सुखोई-22 पाडली. घाबरून पेरूने बेलारूसकडून मिग-29 आणि सुखोई-25 घेतली. स्वस्तात मिळाली, पण बनवणाऱ्या रशियाला बाजूला ठेवून घेतलेल्या विमानांना रशिया कशाला आधार देईल? शेवटी 1998 मध्ये रशियाकडून 3 नवीन मिग-29 घ्यावी लागली तेव्हा कुठे देखभालीचं दार उघडलं. त्यामुळे तिथला अधिकारी किमतीआधी सुट्या भागांबद्दल विचारेल. त्याला पाच वर्षांची सील किटं ट्रॉलीसोबतच द्यायची तयारी दाखवा.

इक्वेडोरला भारतीय म्हणून गेलात की आपल्या ध्रुव हेलिकॉप्टरचा विषय निघणारच. 7 हेलिकॉप्टरं दिली, 4 कोसळली, 2015 मध्ये करार रद्द. दोष कुणाचा यावर दोन्ही बाजूंची मतं वेगळी आहेत, पण सुटे भाग वेळेवर मिळत नाहीत ही त्यांची तक्रार होती. त्या टेबलावर बसून देशाची बाजू मांडत बसू नका. तुमचे सुटे भाग कुठे साठवलेले असतील आणि किती दिवसांत पोचतील ते सांगा. आपल्या देशाचं नाव तिथे पुन्हा उभं राहावं असं मला मनापासून वाटतं, आणि ते असल्या छोट्या मालाने जास्त होईल.

कोलंबियाने नोव्हेंबर 2025 मध्ये 17 ग्रिपेनचा करार केला. त्यांची जुनी केफिर लढाऊ विमानं इस्रायलची, आणि 2024 मध्ये राष्ट्राध्यक्ष पेत्रो यांनी इस्रायलशी संबंध तोडले, म्हणजे देखभाल टांगणीला. नवीन विमान स्वीडनचं, पण इंजिन अमेरिकन जनरल इलेक्ट्रिकचं. त्यामुळे एका दोरीतून सुटून दुसरी गळ्यात, असं मला तरी वाटतं. ग्राहक म्हणून मात्र चांगला.

ब्राझीलने 2013 मध्ये ग्रिपेन निवडलं ते तंत्रज्ञान हातात येतं म्हणून, आणि काही विमानं गाव्हियाओ पेशोतोला एंब्राएर या ब्राझिलियन विमान कंपनीच्या कारखान्यात जोडायची ठरवली. जिथे स्वतः विमान बनतं तिथे तुमच्या ट्रॉलीला जागा कमीच. आणि ब्राझीलला स्पॅनिश मॅन्युअल पाठवू नका, तिथे पोर्तुगीज चालतं. गोव्यातली पोर्तुगीज जाणणारी मंडळी मदत करतील, पण तांत्रिक पुस्तिकेला ब्राझीलचाच अनुवादक घ्या.

चिलीकडे बराच काळ पैशाची चिंता नव्हती. सरकारी खाण कंपनी कोडेल्कोच्या तांब्याच्या निर्यातीतला 10 टक्के हिस्सा कायद्यानेच सैन्याला मिळायचा. त्यातून 10 नवीन एफ-16 आली आणि पुढे नेदरलँड्सची 36 जुनीही. 2019 मध्ये तो कायदा रद्द झाला. तरी पैसे देण्याची शिस्त चांगली असं ऐकून आहे. व्हेनेझुएलाचं नावच काढू नका. 2006 मध्ये अमेरिकेने ब्राझीलला सुपर टुकानो ही त्यांची पंख्याची हलकी लष्करी विमानंही व्हेनेझुएलाला विकू दिली नव्हती, आतल्या अमेरिकन भागांमुळे.

माझा कल विचाराल तर लढाऊ विमानांचा नाद सोडा. सुपर टुकानो कोलंबिया, इक्वेडोर, चिली, ब्राझील, सगळीकडे आहे, पॅराग्वे आणि उरुग्वेनेही 2024 मध्ये मागणी नोंदवली. एकच टो-बार थोड्या फरकाने चार-पाच देशांत चालेल, आणि त्यात बाहेरची नेमप्लेट एकही नसेल.

तुमच्या नायट्रोजन ट्रॉलीची बॉट-आउट यादी किमती खोडून इथे टाकलीत तर कोणत्या ओळी अडतील ते बघून सांगतो. रेग्युलेटरला भारतीय पर्याय आता आहेत. ग्राहकाला तो चालेल का हे मात्र ऑर्डरआधीच त्याच्याकडून सहीनिशी घ्या.