किल्ली कोणाकडे असते?

वाचकांची पत्रं आणि बाईंची उत्तरं

पत्र पहिलं

आदरणीय बाई, मी वास्कोत राहते. मुलगी अकरावी सायन्सला आहे. नवरा कंत्राटी कामावर, मी घरी शिवणकाम करते. आमच्या वाड्यावरचं मंडळ, एक वाचनालय आणि कॉलेजात शिकणारी काही मुलं मिळून दहावी ते बारावीच्या मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग सुरू करताहेत. अभ्यास, प्रवेशाची तयारी आणि 'नेतृत्व विकास' असं पत्रकावर छापलंय. फी नाही. मुलगी अभ्यासात बरी आहे, पण चारचौघांत तोंड उघडत नाही. आठवड्यातून तीन संध्याकाळी तिकडे गेल्या तर नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास मागे पडेल अशी धास्ती वाटते. पाठवू का?
— एक आई, वास्को

उत्तर

पाठवा. पण आधी एक संध्याकाळ स्वतः तिथे जाऊन बसा आणि एवढंच बघा, की हॉलची किल्ली कोणाकडे असते.

किल्लीचं का म्हणते ते सांगते. निवृत्त झाल्यापासून मी वास्कोतच मंडळाच्या हॉलमध्ये असा एक वर्ग चालवायला मदत करते. त्याआधी सगळी नोकरी हायर सेकंडरीत केमिस्ट्री शिकवण्यात गेली. पहिल्या वर्षी आमचं चुकलं. वेळापत्रक आम्ही ठरवलं, पाहुणे आम्ही आणले, खुर्च्यासुद्धा आम्हीच मांडल्या. व्यक्तिमत्त्व विकासावर चार व्याख्यानं झाली. जूनमध्ये बत्तीस मुलं होती, चवथीच्या सुट्टीनंतर अकरा उरली. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, मुलांचाच. राग चुकीच्या ठिकाणी होता हे कळायला दिवाळी उजाडली.

नरकासुराच्या रात्री आमच्या गल्लीत तीच गळालेली मुलं मला दिसली. पंधरा दिवस खपून त्यांनी नरकासुराच्या पुतळ्याचा लोखंडी सांगाडा उभा केला होता, वर्गणीचा हिशेब पुठ्ठ्यावर लिहिला होता, पहाटे जाळताना लहान पोरांना लांब कोणी ठेवायचं तेही ठरलं होतं. या मुलांना नेतृत्व शिकवायला मी वक्ते बोलावत होते! त्यात मुली मात्र नव्हत्या, तेही तेव्हाच डोळ्यांत भरलं.

दुसऱ्या वर्षी आम्ही किल्ली मुलांकडे दिली आणि सोबत एक वही. कोणी उघडलं, कोणी बंद केलं, पंखे-दिवे बघितले का, चहाचे किती झाले. पहिला महिना वही तुमच्या मुलीसारख्याच एका अबोल मुलीकडे आली. हजेरी घेतानाही ती मान हलवायची, 'हजर' म्हणायची नाही. एका शनिवारी आम्ही पोचलो तर हॉलमध्ये सतरंज्या अंथरलेल्या. मंडळाच्या खजिनदारांनी हॉल हळदीकुंकवाला देऊन टाकला होता. मी बोलायला पुढे होणार, तेवढ्यात ही त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. वही उघडली, उलटी करून त्यांच्याकडे फिरवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "काका, सहा ते आठ आमचं. ही सही तुमची. सोमवारी आमची टेस्ट आहे." आवाज कापत होता, बोट हललं नाही. खजिनदार भले माणूस, त्यांनी हळदीकुंकू आठ वाजता ठेवलं. मुलीही अभ्यास आटोपून वाण घेऊन गेल्या.

वास्कोचा सप्ताह तुम्ही दरवर्षी बघता. चोवीस तास भजन तुटत नाही, कारण पाळ्या ठरलेल्या असतात आणि पुढची मंडळी बसेपर्यंत आधीची उठत नाहीत. आमच्याकडे बारावीची मुलं किल्ली अकरावीकडे देतात ती अशीच, महिनाभर दोघांनी मिळून वर्ग सांभाळल्यावर.

अभ्यासाचं म्हणाल तर नीटला तीन संध्याकाळींनी धोका नाही. धोका आहे तो कागदांना. आमच्या एका मुलाला गुण चांगले होते. रहिवासी दाखल्यासाठी कागद जमवताना कळलं, की वडिलांच्या जन्मनोंदीत 'नाईक' हे आडनाव जुन्या पोर्तुगीज वळणाने लिहिलंय, शेवटी क्यू-यू-ई. शाळेत आणि आधारवर मात्र साधा के. गोव्यात हे घरोघर सापडेल. ते निस्तरण्यात प्रवेशाचे ऐन दिवस गेले, हवी ती जागा हुकली. मी इतकी वर्षं शिक्षिका, पण त्याला हे आधी सांगायचं मला सुचलं नव्हतं. ती रुखरुख अजून आहे. आता अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक मुलाने सगळे दाखले टेबलावर मांडायचे आणि शेजारच्याने त्यांतलं एकेक अक्षर ताडून बघायचं, असा नियम आहे. आपलं नाव वाचताना चूक दिसत नाही, दुसऱ्याला दिसते.

तुमच्या वर्गाला हे तिघं एकत्र आले आहेत याचा मला आनंद वाटतो. मंडळाकडे जागा असते, वाचनालयाकडे शांतता आणि पुस्तकं, आणि कॉलेजच्या मुलांकडे दोन वर्षांपूर्वीची ताजी आठवण. नीट, जेईई, झुआरीनगरच्या बिट्ससाठी वेगळी बिटसॅट, केंद्रीय विद्यापीठांसाठी 2022 पासून सीयूईटी. यातलं कोणतं कशासाठी, हे परवाच त्यातून गेलेली मुलं जितकं नीट सांगतात तितकं मला जमत नाही. पैशांची काळजी असेल तर गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जयोजनेची माहिती आताच काढून ठेवा, प्रवेश मिळेपर्यंत थांबू नका.

आणि हो, रात्री मुली घरी कशा जातात ते विचारायला संकोचू नका. आमच्या मुली चार-पाच जणी एका वाटेने जातात, शेवटच्या दारापर्यंत कोणीतरी काकी सोबत असते. याचं उत्तर त्यांच्याकडे तयार नसेल, तर ते तयार होईस्तोवर मुलीला पाठवू नका.

पत्र दुसरं

नमस्कार बाई. आमचं मंडळ म्हापशात आहे. हॉल आहे, उत्साह आहे, पैसे नाहीत. मुलांसाठी असा उपक्रम करायचा तर कोणाचं दार ठोठवावं?
— मंडळाचा सचिव

उत्तर

सचिवसाहेब, पैसे मागायला जाऊ नका. माणसं मागा, तीही मोजून.

सुरुवात जवळच्या कॉलेजच्या एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) कार्यक्रम अधिकाऱ्यांपासून करा. एनएसएस 1969 पासून चालू आहे आणि त्यातल्या स्वयंसेवकाला दोन वर्षांत 240 तास समाजकार्य करावं लागतं, वर्षाला 120. त्या तासांसाठी चांगलं काम कुठे मिळेल, हा अधिकाऱ्यांपुढचाही प्रश्न असतो. "मंगळवारी आणि गुरुवारी सहा ते आठ, गणिताला दोन आणि इंग्रजीला दोन मुलं हवीत, जूनपासून जानेवारीपर्यंत" असं पत्र द्या. 'सहकार्य मिळावं' एवढंच लिहिलंत तर पत्र फायलीत जाईल.

मग निवृत्त माणसं. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना आम्ही महिन्यात एक तास मागितला, शैक्षणिक कर्जाचा अर्ज मुलांसोबत भरायला. ते दर महिन्याला येतात, पावसातसुद्धा, चार वर्षं झाली. व्याख्यान द्या म्हटलं असतं तर एकदाच आले असते.

वर्षातून एकदा मुलांना पणजीत पाट्टोवरच्या कृष्णदास शामा राज्य ग्रंथालयात न्या. 1832 साली सुरू झालेलं ग्रंथालय आपलं आहे, आणि म्हापशाची कितीतरी मुलं त्याच्या समोरून कदंबच्या बसने जातात, आत शिरत नाहीत. बसची वेळ, खाण्याचं, ग्रंथपालांना आधी फोन करायचं काम मुलांनाच द्या. आमची मुलं पहिल्या खेपेला चुकीच्या दिवशी गेली, दार बंद होतं. दुसऱ्या खेपेला फोन करूनच निघाली. मी मुद्दामच मध्ये पडले नव्हते.

एक विनंती. नगरसेवक मदत देतील तर जरूर घ्या, पण वर्गाच्या भिंतीवर फक्त मुलांनी लिहिलेलं वेळापत्रक राहू दे.

पत्र तिसरं

टीचर, लीडरशिपचं सर्टिफिकेट असलं तर अ‍ॅडमिशनला फायदा होतो का? माझ्या मित्राने पैसे भरून दोन दिवसांचं केलं.
— बारावी, मडगाव

उत्तर

बाळा, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो, तिथे हे सर्टिफिकेट कोणी बघत नाही. जिथे मुलाखत असते तिथे विचारतील, की तू काय केलंस. दोन दिवस बसून ऐकलं, यावर तिसरं वाक्य सुचणार नाही. ते पैसे परीक्षांच्या फॉर्मसाठी ठेव.

तुमच्या वाड्यावर यंदा नरकासुराचा हिशेब कोणी ठेवला? तू असशील तर किती जमले, कमी पडले तेव्हा काय केलंस, हे मला सविस्तर लिहून पाठव. मुलाखतीत काय सांगायचं ते त्यातूनच आपण दोघं मिळून काढू.