पासिंग झालेली जुनी गाडी : भरवसा कशावर ठेवायचा?

वाचकांचे प्रश्न – गाडी आणि गॅरेज

प्रश्न : डिसेंबर २०१० ची पेट्रोल वॅगन-आर पाहिली आहे. ८८,००० कि.मी. चालली आहे. पंधरा वर्षे भरल्यावर नुकतेच पासिंग झाले असून आरसीवर २०३० पर्यंतची मुदत आहे. ‘आरटीओने पास केलीय, आता पाच वर्षं बघायला नको,’ असे मालक म्हणतो. आम्ही घरचे चौघे, तुळजापूरला महिन्यातून एकदा आणि पुण्याला अधूनमधून जाणार. पासिंगवर कितपत विसंबावे? – जुळे सोलापूर

उत्तर : कागद चालवायला विसंबा, गाडी चालवायला नको. नूतनीकरणाच्या तपासणीत चासी नंबर आरसीशी जुळतो का, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, ब्रेक, हँडब्रेक, टायर, नंबरप्लेट, पीयूसी आणि गाडीत बेकायदा बदल केलेत का, हे पाहिले जाते. इंजिन उघडले जात नाही, कूलंट कोणी बघत नाही, बुश (सांध्यांतली रबरे) हलवून पाहिले जात नाहीत. शिवाय पासिंगपुरते दुसऱ्या गाडीचे टायर चढवायचे आणि परत आल्यावर उतरवायचे, हा प्रकार गॅरेजवाल्यांना नवा नाही. म्हणून आधी टायरच पाहा. बाजूवर छापलेल्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी १.६ मि.मी.पेक्षा कमी असेल तर टायर कायद्यानेच बाद. नक्षी भरपूर आहे पण टायर सहा-सात वर्षांचा आहे, बाजूला बारीक भेगा आहेत, तर आपल्याकडच्या मे महिन्यात पुण्याच्या हायवेवर तो नेऊ नका. फक्त आतली कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडले आहे किंवा लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश गेले आहेत.

तुमच्या गाडीतले के-सिरीज इंजिन टायमिंग चेनचे आहे. सँट्रो झिंगसारख्या गाडीत टायमिंग बेल्ट असतो, तो कधी बदलला याचे बिल मागावे लागते. ती कटकट इथे नाही. थंड इंजिन सुरू करताना पहिले काही सेकंद समोरून खडखड आली आणि ती थांबलीच नाही, तर मात्र चेन किंवा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) झिजला आहे. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत हे आधी होते. शक्य असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. चारचाकीचे बहुतेक मेकॅनिक गेज ठेवतात. या इंजिनात तीन सिलिंडर आहेत. तिघांच्या दाबातला फरक एक किलोच्या (प्रति चौ. सें.मी.) आत हवा.

सोलापुरात जुन्या गाडीचे खरे दुखणे कूलिंगचे. कूलंट संपले की लोक बोअरचे पाणी ओततात. ते इतके क्षाराचे की दोन-तीन उन्हाळ्यांत रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा थर बसतो. गाडी पाऊस-थंडीत गुपचूप चालते आणि एप्रिलमध्ये तुळजापूरच्या घाटात एसी लावून चढली की तापते. गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडा. तोंडाशी पांढरा खर किंवा आत विटकरी पाणी दिसले तर रेडिएटर साफ करून घ्यायचा किंवा बदलायचा खर्च धरा. झाकणाचे रबर दाबून पाहा. ते कडक झाले की दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरावे. रेडीमिक्स असेल तर त्यात थेंबभरही पाणी घालू नये.

याच दुखण्यावर काही मेस्त्री थर्मोस्टॅटच (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारी झडप) काढून टाकतात. गाडी तापायची थांबते, मालक खूश. पण इंजिन कधीच पुरेसे गरम होत नाही, पेट्रोल जास्त जाते, ऑइल लवकर खराब होते आणि पीयूसीचे आकडे चढतात. ओळखायची युक्ती : सकाळी गाडी सुरू करून रेडिएटरच्या जाळीला, पंख्यापासून लांब, हात लावा. थर्मोस्टॅट असेल तर रेडिएटर पाच-सात मिनिटे थंड राहतो आणि मग चटकन तापतो. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट नाही, किंवा उघडा अडकला आहे.

ब्रेक तीन प्रकारे तपासा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबा, दाबूनच ठेवा आणि गाडी सुरू करा. पेडल किंचित खाली गेले की सर्व्हो (ब्रेकला जोर देणारा भाग) ठीक. मग चालू इंजिनवर अर्धा मिनिट पेडल दाबून धरा. ते हळूहळू खाली बसू लागले आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचे (पेडलजवळचा, ब्रेक ऑइल ढकलणारा पंप) रबर गेले आहे. तिसरे, मोकळ्या रस्त्यावर ३० च्या वेगात स्टेअरिंग हलके धरून जोरात ब्रेक मारा. गाडी एका बाजूला ओढली गेली तर पुढच्या कॅलिपरच्या (डिस्क दाबणाऱ्या भागाच्या) पिना सुकल्या असतील, किंवा मागच्या एका ड्रममध्ये व्हील सिलिंडर गळून शू (ड्रमला घासणारी ब्रेकची पट्टी) ओला झाला असेल. हँडब्रेक बसायला नऊच्या वर ‘टकटक’ लागत असतील तर शू किंवा केबल. ब्रेक ऑइल काळे असेल तर बदला. ते हवेतला ओलावा शोषते, म्हणून गाडी उभी असली तरी दोन वर्षांत बदलायचेच असते.

पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगून परत हलवा : खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट (चाकाखालचा गोल सांधा). डावी-उजवीकडे धरून खेळ लागला तर टाय रॉड एंड (स्टेअरिंगच्या दांड्याचे टोक).

गंजाबाबत आपली कोरडी हवा मेहरबान आहे. तरी आरसीचा जुना इतिहास बघा. गाडी आधी रत्नागिरी-सिंधुदुर्गात राहिली असेल तर पायाखालचे मॅट उचलून पत्रा आणि दाराखालची पट्टी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. भद्द आवाज आला तर आत पोकळ झाले आहे. तिथे गाडी सोडून द्या, बाकी सगळे दुरुस्त होते. टायर, कूलिंग आणि ब्रेकचा खर्च किमतीतून वजा करून मालकाशी बोला.

प्रश्न : माझी २०११ ची पेट्रोल गाडी पीयूसीत नापास झाली. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.१ टक्का, पण लॅम्डा (धुरावरून कळणारे हवा-पेट्रोलचे प्रमाण) १.०९ आला. मेकॅनिक कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) बदला म्हणतो. दुसरे म्हणजे, लातूरला असलेल्या मेहुण्याच्या त्याच सालच्या, त्याच मॉडेलला सहा महिन्यांची पीयूसी मिळते आणि मला वर्षाची, असे का? – होटगी रोड

उत्तर : घाई करू नका. बीएस-४ (भारत स्टेज-४, धुराचे सरकारी मानक) पेट्रोल गाडीचा लॅम्डा ०.९७ ते १.०३ मध्ये हवा. कन्व्हर्टर निकामी झाला तर सीओ आणि एचसी (न जळलेले हायड्रोकार्बन) चढतात. तुमचा सीओ चांगला आहे आणि लॅम्डा वर आहे, म्हणजे धुरात बाहेरची हवा मिसळते आहे. बहुतेक वेळा सायलेन्सरच्या जोडाची गॅस्केट किंवा गंजलेला पाइप कारणीभूत असतो. इंजिन थंड असतानाच सुरू करा, जाड हातमोजा घालून ओल्या फडक्याने टेलपाइप चार-पाच सेकंद दाबा. गाडीखाली ‘फुस्स’ आवाज येईल तिथे फट आहे. ती बुजवा, तरीही लॅम्डा वरच राहिला तर इनटेकचा व्हॅक्यूम पाइप आणि ऑक्सिजन सेन्सर तपासा. पुन्हा चाचणीला जाताना दहा-पंधरा किलोमीटर चालवून गरम गाडी न्या. थंड कन्व्हर्टर काम करत नाही आणि चांगली गाडीही नापास होते.

वर्षाच्या पीयूसीचे कारण सोलापूरच. १ एप्रिल २०१० ला देशातल्या ज्या तेरा शहरांत बीएस-४ आले, त्यांत मुंबई-पुण्यासोबत सोलापूर होते. लातूरला तेव्हा बीएस-३ चालत होते. देशभर बीएस-४ एप्रिल २०१७ ला झाले. बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांना वर्षाची पीयूसी, आधीच्यांना सहा महिन्यांची. जुनी गाडी बाहेरगावची घेताना आरसीवरचे हे मानक जरूर वाचा. बीएस-३ गाडीला सीओची मर्यादा ०.५ टक्के आहे, बीएस-४ ला ०.३.

प्रश्न : केए-३२ (कलबुर्गी) ची, २०१२ सालची गाडी स्वस्तात मिळते आहे. एमएच-१३ (सोलापूर) नंबर घेतला की पंधरा वर्षे नव्याने सुरू होतात, असे एजंट म्हणतो. – अक्कलकोट

उत्तर : साफ चूक. पंधरा वर्षे पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात. ही गाडी २०२७ मध्ये पासिंगला येणारच. कलबुर्गी आरटीओची एनओसी (फॉर्म २८) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी बारा महिन्यांहून अधिक इथे राहणार असेल तर इथला नंबर घेणे बंधनकारक आहे, आणि महाराष्ट्राचा रस्ता कर भरावा लागतो. तो धरून हिशेब केला की ‘स्वस्त’ गाडी बऱ्याचदा स्वस्त राहत नाही. आधीच्या मालकाचे कर्ज फिटले असेल तर आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा बँकेचा फॉर्म ३५ ही मागा. तो राहिला की पुढचे सगळे अडते.

प्रश्न : आरसीची मुदत संपून दोन महिने झाले. बाहेरून बसवलेले सीएनजी किट आहे. आता काय? – बार्शी

उत्तर : गाडी उभी करा. मुदत संपलेल्या गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. फॉर्म २५ भरून अर्ज करा. मुदतीच्या ६० दिवस आधीपासून तो करता येतो, तुमचे ते हुकले. पंधरा वर्षे भरलेल्या कारची नूतनीकरण फी ५,००० रुपये, उशिराचे महिन्याला ५००, म्हणजे ६,००० आणि वर पर्यावरण कर. विमा आणि पीयूसी चालू हवेत. हाय सिक्युरिटी नंबरप्लेट नसेल तर ती आधी बसवा. सीएनजीची नोंद आरसीवर असायलाच हवी, आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी. टेस्टची तारीख उलटली असेल तर सिलिंडर उतरवून मान्यताप्राप्त केंद्रात पाठवावा लागतो. त्यात काही दिवस जातात, तेव्हा ते काम अर्जाच्या आधी उरका.