सॅच्युरेशन सुधारलं, मग बाळाचा नायट्रिक ऑक्साइड बंद का करत नाहीत?

तुमचं बाळ व्हेंटिलेटरवर आहे, नायट्रिक ऑक्साइड लावल्यावर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ९५ टक्क्यांच्या वर गेलं, तरी डॉक्टर गॅस का काढत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. मी नवजात बाळांच्या आयसीयूत नर्स आहे. हा गॅस लावण्यापेक्षा काढताना आम्हाला जास्त जपावं लागतं.

जन्मल्यावर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या मोकळ्या व्हायला हव्यात. काही बाळांच्या त्या आकसलेल्याच राहतात आणि रक्त फुप्फुसात न जाता हृदयाजवळच्या जन्माआधीच्या वाटांनी परस्पर निघून जातं. मग १०० टक्के ऑक्सिजन देऊनही बाळ निळं ते निळंच. नायट्रिक ऑक्साइड श्वासातून थेट त्या आकसलेल्या वाहिन्यांपाशी पोचतो आणि त्यांना सैल करतो. रक्तात उतरला की हिमोग्लोबिन त्याला काही सेकंदांत निकामी करतं, म्हणून बाकी शरीराचं बीपी सहसा पडत नाही. सुरुवात बहुधा २० पीपीएमने होते, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वीस भाग.

आता अडचण अशी, की बाहेरून गॅस मिळू लागला की शरीर स्वतः तो कमी बनवतं. एकदम काढला तर वाहिन्या पुन्हा आवळतात, कधी आधीपेक्षाही घट्ट. म्हणून आधी श्वासातून दिला जाणारा ऑक्सिजन साधारण ६० टक्क्यांच्या खाली आणतात, मग गॅस २० वरून १०, १० वरून ५, आणि पुढे एकेक पीपीएम. १ वरून शून्यावर जाताना मी बाळाजवळून हलत नाही. एकदा तो शेवटचा एक काढल्यावर चार मिनिटांत सॅच्युरेशन ९४ वरून ७८ वर आलं. पुन्हा १ वर ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी तोच एक अलगद निघाला.

बाळाच्या उशाशी दुसरा भरलेला सिलिंडर आणि गॅस जोडलेली हाताने दाबायची बॅग दिसेल. मशीन बंद पडलं तरी गॅस क्षणभरही तुटू नये, यासाठी ती तयारी असते. रक्त तपासायला नेतात तेव्हाही घाबरू नका. या गॅसमुळे मेथहिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहून नेऊ न शकणारं हिमोग्लोबिन, वाढू शकतं, आणि सॅच्युरेशन मोजायला बाळाच्या हाताला किंवा पायाला लावलेल्या प्रोबवर ते नीट कळत नाही.

रोज भेटायला जाल तेव्हा नर्सला विचारा, आज किती पीपीएम आणि ऑक्सिजन किती टक्के. हे दोन आकडे हळूहळू उतरत असतील तर बाळ योग्य वाटेवर आहे.