वाचक विचारतात : ‘रमोन्स’चा पहिला अल्बम

प्रश्न : ‘रमोन्स’ या अमेरिकन पंक रॉक बँडचा 1976 चा पहिला अल्बम इयरफोनवर ऐकला. डाव्या कानात बेस, उजव्यात गिटार, असं का? इयरफोन बिघडलेत की रेकॉर्डिंगच सदोष आहे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दोन्ही ठणठणीत आहेत. न्यू यॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या इमारतीतल्या प्लाझा साउंड स्टुडिओत हे ध्वनिमुद्रण साधारण आठवडाभरात, 6,400 डॉलरमध्ये उरकलं. पण मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र बसवणं, घाईत झालेलं नाही. निर्माते क्रेग लिऑन यांनी डी डीचा बेस डावीकडे, जॉनीची गिटार उजवीकडे आणि टॉमीचे ड्रम व जोईचा आवाज मध्ये ठेवला. साठच्या दशकातल्या पॉप तबकड्यांत वाद्यं अशीच दोन बाजूंना वाटलेली असत.

फारच तुटक वाटत असेल तर फोनच्या ‘ॲक्सेसिबिलिटी’ सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ सुरू करा; दोन्ही कानांत सारखंच ऐकू येईल. 2016 च्या चाळिसाव्या वर्षाच्या आवृत्तीत लिऑन यांनीच केलेलं मोनो मिक्सही आहे. तरी स्टिरिओ सोडू नका, कारण शिकणाऱ्याला तो शिक्षकासारखा आहे. त्याच सेटिंगमधली बॅलन्सची पट्टी पूर्ण डावीकडे सरकवा: गिटार जाते, बेस, ड्रम आणि गाणं उरतं. रिकाम्या जागेत तुमची गिटार वाजवा. बेसवाल्यांनी पट्टी उजवीकडे न्यावी.

प्रश्न : याच अल्बममधलं ‘ब्लिट्झक्रीग बॉप’ गिटारवर वाजवताना पाऊण मिनिटातच हात कोपरापर्यंत भरून येतो. पिक (तारा छेडायचा छोटा तुकडा) वर-खाली मारलं तर चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. ते वेगळंच गाणं होईल. खाली जाणारा प्रत्येक फटका आधी जाड तारांवर पडतो, म्हणून सगळे फटके एकाच वजनाचे येतात. वर येताना पिक आधी बारीक तारांना लागतं आणि वजन एकाआड एक हलकं होतं. जॉनीच्या गिटारचा तो करवतीसारखा सलग आवाज निव्वळ डाउनस्ट्रोकचा, म्हणजे खाली जाणाऱ्या फटक्यांचा आहे.

वेग मिनिटाला साधारण 175 ठोके, प्रत्येक ठोक्याला दोन फटके; म्हणजे सेकंदाला जवळजवळ सहा. हात भरतो तो बहुधा कोपरातून मारल्यामुळे. फटका मनगटातून यायला हवा आणि लहान हवा: शेवटच्या तारेनंतर पिक बोटभरही पुढे जाऊ नये. पिकचं टोक बोटांबाहेर तीन-चार मिलिमीटरच ठेवा. जास्त राहिलं की ते तारांत अडकतं, अडकलं की आपण ते घट्ट धरतो, आणि दुखणं तिथूनच सुरू होतं.

मेट्रोनोम (ठोके मोजून देणारं यंत्र) 110 वर लावा. दोन मिनिटं न थांबता, न आखडता जमलं तरच पाचने वाढवा. दुखलं की थांबा. दुखऱ्या हाताने वेग वाढत नाही.

डाव्या हाताला बार कॉर्ड, म्हणजे एक बोट तारांवर आडवं दाबून धरलेले कॉर्ड. ‘ए’ पाचव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या पाचव्या घरात), सहाव्या म्हणजे सर्वांत जाड तारेवरून. ‘डी’ त्याच फ्रेटवर, पाचव्या तारेवरून. ‘ई’ सातव्यावर, पाचव्या तारेवरून. मधल्या भागात ‘बी’ येतो, तो सातव्यावर, सहाव्या तारेवरून. आणि ॲम्पचा गेन (आवाज खरखरीत करणारं बटण) वाटतो त्यापेक्षा कमी ठेवा. जास्त झाला की फटके एकमेकांत मिसळतात आणि उरते फक्त गुणगुण.

प्रश्न : तीन-चार कॉर्ड, सोलो नाहीत, 14 गाणी 29 मिनिटांत. यात पन्नास वर्षं टिकण्यासारखं काय आहे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : चाली. अल्बम आला तेव्हा अमेरिकेच्या बिलबोर्ड अल्बम यादीत 111 च्या वर गेला नाही, आणि तिथलं विक्रीचं गोल्ड प्रमाणपत्र मिळायला 2014 उजाडलं. चौघांपैकी शेवटचा, टॉमी, त्याच वर्षी गेला. इतक्या उशिरापर्यंत लोक हा अल्बम ऐकत राहिले ते नुसत्या गोंगाटासाठी नाही. जोईचे कान साठच्या दशकातल्या गर्ल ग्रुप्सवर (मुलींच्या पॉप गायनचमूंवर) तयार झाले होते. क्रिस माँटेझचं 1962 चं ‘लेट्स डान्स’ या अल्बममध्ये आहेच, आणि चौथं गाणं तर सरळसरळ लाडिक प्रेमगीत आहे.

एकदा फक्त जोईकडे कान द्या. वाद्यं सेकंदाला सहा फटक्यांनी धावतात. तो मात्र स्वर लांबवत, जवळजवळ निम्म्या चालीने गातो. म्हणून इतक्या वेगातही चाल पहिल्याच ऐकण्यात तोंडात बसते. नक्कल करणारे बँड इथेच चुकतात: गायकही गिटारच्या वेगाने ओरडू लागतो आणि चाल हरवते.

प्रश्न : आमच्या बँडचा ड्रमर म्हणतो, हे ड्रम सोपे आहेत. तरी गाणं दर वेळी मध्यावर पळू लागतं. (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : त्याला हाय-हॅटवर (झांजांच्या जोडीवर) प्रत्येक ठोक्याला सारखे दोन फटके मारू द्या, स्नेअर (करकरीत आवाजाचा ड्रम) दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर, आणि फिल, म्हणजे ओळींमधल्या जागा भरणारे जादा फटके, जवळजवळ बंद. गाणं बहुतेक वेळा फिलमध्येच पळतं. टॉमी फिलच्या वाटेला फारसा जात नाही. पहिले चार दिवस गिटारवाल्याला घरी ठेवून बेस आणि ड्रम यांनीच मेट्रोनोमवर तालीम करावी.