विनोदातली ‘पंचलाइन’ म्हणजे नेमकं काय? ती वापरायची कशी?

पंचलाइन म्हणजे विनोदाचं शेवटचं वाक्य, ज्यावर हशा पिकतो. इंग्रजीत ‘पंच’ म्हणजे ठोसा. आधीची वाक्यं ऐकणाऱ्याच्या मनात एक अपेक्षा तयार करतात आणि पंचलाइन ती एका फटक्यात मोडते.

उदाहरण घ्या. विरार फास्ट, दाराजवळ पाय ठेवायला जागा नाही. मागून कुणी विचारतं, "काका, बोरिवलीला उतरायचंय का?" काका म्हणतात, "उतरायचं होतं... काल!"

आता हेच "काल उतरायचं होतं" असं सांगून बघा. विनोद मेला! कारण सगळा स्फोट ‘काल’ या एका शब्दात आहे आणि तो आधीच फुटला. मराठीत क्रियापद सहसा शेवटी येतं, त्यामुळे ही चूक फार होते. गमतीचा शब्द मधे अडकतो आणि मागे ‘होतं’, ‘आहे’ लोंबकळत राहतं. पण आपल्या बोलीत शब्द मागेपुढे करायची पूर्ण मोकळीक आहे, ती जरूर वापरा. मला तर मराठीची ही लवचीकता फार मोलाची वाटते.

पंचलाइनच्या आधी क्षणभर थांबा. नंतर एक शब्दही बोलू नका, आणि अर्थ तर मुळीच समजावू नका.

जाहिरातीतल्या घोषवाक्यालाही हल्ली सर्रास पंचलाइन म्हणतात. त्याला इंग्रजीत खरं तर टॅगलाइन म्हणतात. त्यात धक्का असायलाच हवा असं नाही.