पर्यावरणपूरक घर बांधून खरंच फायदा होतो, की नुसता खर्च वाढतो?

फायदा होतो. पण खर्च म्हटलं, की डोळ्यांसमोर सोलर पॅनेल आणि महागड्या काचा येतात. माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा त्याच्या कितीतरी आधी, नकाशावरच ठरतो.

मी घरांचे आराखडे करतो. उन्हाळ्यात कुणाकडे गेलो, की सूर्य मावळून दोन तास झाल्यावर पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावून बघतो. ती चांगली गरम लागते. दिवसभर प्यायलेलं ऊन ती नेमकी माणसं झोपायला आली की खोलीत सोडू लागते, आणि एसी रात्रभर त्या भिंतीशी झगडतो. तिथे छज्जाही फार कामाचा नाही, कारण मावळतीचं तिरपं ऊन त्याच्या खालून शिरतं. त्या बाजूला जिना, न्हाणीघर, कपाटं घ्या, बाहेर झाड लावा. नाहीतर भिंत रॅट ट्रॅप पद्धतीने बांधा: विटा कडेवर उभ्या रचल्या, की मधे हवेची पोकळी राहते. उष्णता अडते, शिवाय विटा साधारण पाव हिश्शाने कमी लागतात. यात खर्च वाढला कुठे? गवंडी मात्र हे काम केलेला बघा. पोकळीत माल सांडत गेला, तर सगळं फुकट.

दुसरा फायदा तुमच्या बिलात दिसणार नाही, पण मला तो तेवढाच मोलाचा वाटतो. माणसाच्या उद्योगांतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ८ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. सिमेंट मुख्यतः चुनखडी भाजून बनतं; भट्टीत १४५० अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता लागते, आणि निम्म्याहून जास्त वायू इंधनातून नाही, तर खुद्द चुनखडीतून सुटतो. म्हणजे इंधन कितीही स्वच्छ वापरलं, तरी तो निघणारच. आपल्या हातात आहे ते सिमेंट कमी वापरणं: त्याच्या जागी काही भाग कोळशाच्या वीज केंद्रातली राख म्हणजे फ्लाय अ‍ॅश किंवा लोखंडाच्या भट्टीतून उरणारा स्लॅग, गिलावा चुन्याचा. आणि जुना सांगाडा मजबूत असेल, तर तो न पाडणं. 'हरित' इमारतीसाठी धडधाकट घर पाडताना बघितलं, की मला मनापासून वाईट वाटतं.

पाण्याचं गणित सोपं आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. १०० चौरस मीटर छपरावर ५०० मिलिमीटर पडला, की ५०,००० लिटर. थोडं वाया गेलं, तरी टाकी भरते.

सोलर शेवटी घ्या. भिंती आणि सावली आधी नीट जमली, की पॅनेलही कमी लागतात. नकाशा पक्का करण्याआधी एकदा संध्याकाळी प्लॉटवर उभे राहा आणि ऊन कुठून येतंय ते बघून घ्या.