व्हिम या टेक्स्ट एडिटरमध्ये दोन खिडक्यांमधली जाड पट्टी बारीक कशी करायची?

भावा, तुला खुपतेय ती पट्टी दोन गोष्टींची बनलेली असते: एक अक्षर आणि त्याचा रंग. नुसतं एक बदललं तर काम अर्धवट राहतं.

आधी अक्षर. व्हिम तिथे साधं | वापरतं, म्हणून रेघ तुटक दिसते. व्हिमआरसीत, म्हणजे व्हिमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, 'सेट फिलचार्स+=व्हर्ट:│' टाक (टाइप अर्थातच रोमनमध्ये). हे │ चौकटी आखायचं युनिकोड अक्षर आहे, ओळींमध्ये सलग जुळतं. तरी फटी दिसल्या तर टर्मिनलमधलं ओळींचं अंतर कमी कर, दोष व्हिमचा नाही. रेघच नको असेल तर स्पेस दे, पण तिच्याआधी बॅकस्लॅश हवा.

आता रंग. व्हिममध्ये प्रत्येक भागाचा रंग एका गटात ठरतो, या पट्टीच्या गटाचं नाव व्हर्टस्प्लिट. जाडपणा येतो तो त्याच्या मूळच्या 'रिव्हर्स'मुळे (अक्षर आणि मागचा रंग यांची अदलाबदल), म्हणून आधी 'सीटर्म=नन' करून ते काढ, मग 'सीटर्मएफजी'ने अक्षराचा रंग दे. २५६ रंगांत २३२ ते २५५ या करड्या छटा, गडदकडून फिकटाकडे. काही जण २३८ सुचवतात. कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या ऑफिसात दुपारचं ऊन थेट स्क्रीनवर येतं, तिथे २३८ दिसतच नाही. मी २४४ ठेवलाय.

रंगाची ही ओळ ('हायलाइट व्हर्टस्प्लिट सीटर्म=नन सीटर्मएफजी=२४४') व्हिमआरसीत कलरस्कीमच्या, म्हणजे रंगसंगती निवडायच्या, ओळीखालीच लिही, नाहीतर स्कीम ती पुसून टाकते. माझे दोन तास यातच गेले, चहा गार झाला तो वेगळाच.

निओव्हिम (व्हिमवरूनच बनलेला एडिटर) असेल तर गट विनसेपरेटर. त्याच्या ०.७ आवृत्तीपासून 'लास्टस्टेटस=३' (सगळ्या खिडक्यांना तळाशी एकच स्टेटस ओळ) केलं की आडवी विभागणीही बारीक रेघेची होते.